धावपट्टी मोकळी नाही

ता. ६ जून

छबे,

पत्र फाडायचं असेल तर फाड, पण आधी वाच. बाबांची तब्येत उत्तम आहे, माझीही बरी आहे. म्हणजे 'तब्येतीचं काही असेल तरच कळवा' हा तुझा नियम मी सुरुवातीलाच मोडला.

रविवारी बाबा तुझ्याशी बोलायला फोन घेऊन गॅलरीत जातात आणि मागे दार लोटून घेतात. मी आत धान्य निवडत बसते. "हो... बरं... जेवतेस ना वेळेवर?" एवढं ऐकू येतं. मग जरा थांबून, "ती? आहे ती." ती म्हणजे मी. महिनोन् महिने तुला माझी खबर म्हणून फक्त 'आहे' एवढंच पोचतंय. म्हटलं, आपणच दोन ओळी लिहाव्यात.

तुझी खोली होती तशीच ठेवली आहे. परवा कॉम्प्युटरवरची धूळ पुसताना बटण दाबलं गेलं आणि तुझा तो विमानांचा खेळ सुरू झाला. काळा पडदा, त्यावर हिरवे ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याला शेपटासारखी आकड्यांची पट्टी. परीक्षेआधी तू दिवसदिवस त्यात डोकं घालून बसायचीस आणि डोळे जातील म्हणून मी ओरडायचे. बंद कसा करायचा ते कळेना, म्हणून थोडा वेळ तसाच राहू दिला. एवढंच.

तिकडे थंडी असते म्हणतात. निळा स्वेटर पाठवू का?

आई

ता. १९ जून

छबे,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमन दिसला की मी दारात जाते.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. बटण चुकून दाबलं गेलं नव्हतं. मीच मुद्दाम दाबलं, आणि तेव्हापासून जेवणं आवरली, भांडी झाली की रोज दुपारी त्या खेळापुढे बसते. संध्याकाळी देवापुढे बसले की आधी तेच आठवतं, की आज पुन्हा विजेचा खर्च केला. हिशेबात तो 'किरकोळ' खाली घालते. माझा 'किरकोळ' आजवर इतका कधी फुगला नव्हता.

का बसते ते पुढे कधीतरी सांगेन. आधी कसं बसते ते ऐक.

पहिल्या दिवशी मला वाटलं, यात काय आहे? आलेल्याला उतरवायचं. ठिपक्यावर माउसचा बाण ठेवायचा, दिशा सांगायची, उंची सांगायची. पण सांगितलं की लगेच वळत नाही ना ते! लांबलचक वळण घेतं, तेवढ्यात दुसरं येऊन भिडतं, दोन्ही ठिपके लाल होतात आणि भोंगा वाजतो. तो भोंगा ऐकून बाबा स्वयंपाकघरात गेले, कुकर बघून आले.

"कुकर नाही. विमानं आहेत," मी म्हटलं.

"तू उतरवतेस?" त्यांनी चष्मा लावून पडदा पाहिला. "तीस वर्षं मी गर्दीच्या बाजारातून बस काढली, आणि तू मला गल्लीत स्कूटर वळवू दिली नाहीस. आता ही विमानं वळवणार!"

"ही जरा थांबत का नाहीत हो?"

"बस थांबते. ब्रेक दाबला की थांबते. ते वर आहे बायको. थांबलं की खाली येईल."

इतकी साधी गोष्ट, पण माझ्या कधी डोक्यात आली नव्हती. त्याला थांब म्हणता येत नाही. फिरत राहा म्हणता येतं.

मग मी एकाला फिरत ठेवलं. इतर चार जण आधी आले होते, त्यांची नीट रांग लावली आणि एकेकाला उतरवलं. लोण्यातून सुरी फिरावी इतकं सुरळीत. आपलीच पाठ थोपटावी असं वाटत होतं, तेवढ्यात कोपऱ्यातला एक ठिपका लुकलुकायला लागला. फिरत ठेवलेला मी विसरलेच होते, गं. इंधन संपत आलेलं. त्यानं काही तक्रार केली नव्हती, सांगितल्याप्रमाणे तो आपला गोल गोल फिरत होता.

खेळ बंद करून मी कपडे वाळत घालायला गेले. ओले कपडे हातात घेऊन बराच वेळ नुसतीच उभी होते.

आई

ता. ३ जुलै

छबे,

तू निकाल घेऊन आलीस त्या दिवसाबद्दल मी कधी बोलले नाही. तुला सगळं ठाऊक आहे. पण माझ्या तोंडून ते तू कधी ऐकलं नाहीस, म्हणून लिहिते.

तू पास होणार हे मी इमारतभर आधीच सांगून टाकलं होतं. शेवटची परीक्षा, त्यानंतर नेमणूक, टॉवरमध्ये बसून लेक विमानं उतरवणार. घरी तेव्हा सगळ्या जमल्या होत्या. वरच्या शिवणकामवाल्या काकूंनी तुझ्यासाठी पांढरा शर्ट शिवून आणला होता, खांद्यावर पट्ट्या असलेला. तुझं माप त्यांच्या डोक्यातच होतं. तू पिशवी घेऊन दारात उभी राहिलीस आणि हळूच म्हणालीस, "आई, नाही झालं."

आणि मी तुझा हात दाबला. म्हटलं, "आत्ता नको. आत्ता जमवून घे. नंतर सांगू सगळ्यांना."

तू जमवून घेतलंस. शर्ट अंगात घातलास, उभी राहिलीस, बायकांनी तोंड गोड केलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. काकू म्हणाल्या, "बघा, कशी शोभते!" तू हसलीससुद्धा. ते हसू मला अजून दिसतं. दुसऱ्या दिवशी तू गेलीस. घडी घातलेला शर्ट तेवढा पलंगावर होता.

ते 'नंतर' अजून आलेलं नाही. मी कुणालाच सांगितलं नाही, छबे. उलट तुझी लांबच्या विमानतळावर नेमणूक झाली, काम फार असतं, म्हणून येणं होत नाही, असं सांगत सुटले. लोक विचारतात, पावसात कसं गं उतरवतात? दोन एकदम आली तर? मी गप्प बसले तर संशय येईल. म्हणून तुझा खेळ लावला. तुझी आठवण येते म्हणून नाही. तीही येते, पण त्यासाठी नाही. खोटं पक्कं व्हावं म्हणून मी विमानं शिकले.

एरवी भाजीवाल्यानं चुकून दोन नाणी जास्त दिली तर ती परत करायला मी जिना उतरून जाते. ही तुझी आई.

आई

ता. १५ जुलै

छबे,

प्रकरण माझ्या हाताबाहेर चाललंय.

काकूंची धाकटी आठवते ना, तुझ्या मागे मागे करायची ती? ती आता दवाखान्यात नावं नोंदवायच्या खिडकीवर बसते. तिथे कायम होणार आहे, साहेबांनी तसा शब्द दिलाय. मंगळवारी आली आणि माझ्या शेजारी स्टूल ओढून बसली.

"काकू, हेच ना ताईचं? मला दाखवा ना."

मी दाखवलं. नको म्हणायचं होतं, पण दाखवलं. दिशा आकड्यांत कशी सांगायची, दोघांच्या उंचीत किती फरक ठेवायचा, वारा समोरून हवा म्हणून धावपट्टी कधी या टोकानं तर कधी त्या टोकानं कशी वापरायची. तिनं डोळे विस्फारले.

"काकू, तुम्ही तर मास्तरीण झालात! आमच्या आईला मिक्सर लावता येत नाही."

"ताईनं शिकवलं," मी म्हटलं. बघ, खोट्याला किती लवकर पिल्लं होतात.

खरं सांगू? मला मजा आली. मॅट्रिकनंतर मला कुणी काही विचारलंच नव्हतं. इतक्या वर्षांनी कुणीतरी मान डोलवत माझं ऐकत होतं. तिनं परत यावं असं वाटलं, आणि ती आलीच. तिसऱ्या वेळी सहज म्हणून गेली, "मी राजीनामा लिहून ठेवलाय. महिनाअखेर देणार. प्रशिक्षणाचे अर्ज निघालेत, आणि ते पूर्ण वेळ असतं."

"अगं, कायम होणार आहेस ना?"

"ताई पहिल्या झटक्यात पास झाली. आमचे मार्क तर शाळेपासून सारखेच. मग मी का नाही होणार?"

खरं सांगायची तीच वेळ होती. तरी मी हे म्हटलं, अक्षर न् अक्षर लिहिते: "होशील की. काय अवघड आहे त्यात."

दार लावून घेतलं. पडद्यावर दोन ठिपके लाल होऊन ओरडत होते.

आई

ता. २८ जुलै

छबे,

आज खेळात मी दोन विमानं एकमेकांवर घातली. खोटीच होती, आत माणसं नव्हती, मला कळतं. तरी तेव्हापासून खेळ पुन्हा लावलेला नाही.

एक उतरायला समोर आलं होतं, अगदी जवळ. खाली धावपट्टीच्या तोंडाशी दुसरं उडायला तयार होतं आणि बराच वेळ ताटकळलेलं. मला कुणाला ताटकळत ठेवलेलं बघवत नाही, तुला माहीत आहे. पाच जणांच्या स्वयंपाकात सात जणांना बसवणारी बाई मी. म्हटलं, याला पटकन सोडते, ते येईपर्यंत हे उडून जाईल. पण ते रेंगाळलं. जड होतं, हळूहळू वळून धावपट्टीवर आलं. आणि वरचं आलंच.

वरच्याला परत वर पाठवता आलं असतं. त्याचं बटण मला माहीत आहे, 'गो अराऊंड'. म्हणजे उतरू नकोस, वर जा, वळसा घे आणि पुन्हा ये. पण ते बटण मी आजवर एकदाही दाबलं नव्हतं. एक तर त्याचे गुण कापले जातात, आणि जमवलेले गुण असे घालवायला माझं मन धजत नाही. दुसरं म्हणजे दारापर्यंत आलेल्याला परत पाठवायचं, हे मला सहनच होत नाही. हात बटणावर होता. मनात म्हटलं, जमेल. जमवून घेऊ.

भोंगा ऐकून बाबा आले. मी त्यांना पहिल्यांदाच विचारलं, "आपली छबी नेमकी कशानं नापास झाली हो?"

त्यांनी आधी भोंग्याचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "तू आज विचारतेस?"

"विचारते. सांगा."

"तिनं मला पहिल्याच रविवारी सांगितलं होतं. एक उतरत होतं, एक उडायचं होतं. तिनं मधे घुसवलं. खोटंच होतं, असंच पडद्यावरचं. परीक्षकांनी विचारलं, वरच्याला परत का नाही पाठवलंस? पोरगी म्हणाली, जमेल असं वाटलं."

बाबा पाणी प्यायला आत गेले. 

छबे, तो शब्द तुला प्रशिक्षणात कुणी शिकवला नव्हता. तुझे जुने बूट चावायचे तेव्हा मीच म्हणायचे, जमवून घे, अजून एक वर्ष चालतील. पाहुणे आले की तुझी अभ्यासाची जागा जायची, मी म्हणायचे, ओट्याच्या कोपऱ्यावर जमवून घे. कमी पडलं की आधी तुझं ताट कमी व्हायचं, आणि तू कधी तोंड वाकडं केलं नाहीस. मी कौतुकानं सांगत फिरायचे, आमची पोरगी कशातही जमवून घेते. तू नापास झालीस ते माझ्यामुळे, असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर तेही मीच माझ्याकडे ओढून घेतल्यासारखं होईल, आणि तुझी परीक्षा तुझी होती. पण दारात तू 'नाही झालं' म्हणालीस तेव्हा, ज्या शब्दानं तू नुकतीच आपटली होतीस, तोच शब्द मी पुन्हा तुझ्या हातात दिला. तुझा चेहरा तसा का झाला, ते आज कळलं.

तीन दिवसांनी महिनाअखेर. धाकटीचा राजीनामा तिच्या पर्समध्ये आहे.

आई

ता. ३१ जुलै

छबे,

सांगितलं.

सकाळी देवापुढे बसले, पण काही मागितलं नाही. देवाला सगळं आधीच ठाऊक होतं, ज्यांना ठाऊक नव्हतं ते वरच्या मजल्यावर होते. पांढरा शर्ट घेतला आणि जिना चढले. काकू मशीनवर होत्या, शेजारच्या दोघी मापं द्यायला आलेल्या. धाकटी दवाखान्यात जायला निघाली होती. दोघी जाईपर्यंत थांबावं असं वाटलं. मग म्हटलं, खोटं सगळ्यांसमोर बोललीस, मग खरं एकांतात का?

"आमची छबी त्या परीक्षेत नापास झाली होती," मी म्हटलं. "त्याच दिवशी. तुम्ही तिला शर्ट घातलात तेव्हा तिला ठाऊक होतं आणि मलाही. तिला सांगायचं होतं, मीच तिला बोलू दिलं नाही. नेमणूक वगैरे सगळं माझं."

मशीन थांबलं. मापवाल्यांपैकी एक दुसरीकडे बघून ओठ चावत होती. उद्यापर्यंत सगळ्या इमारतीत होईल. होऊ दे.

काकू म्हणाल्या, "आणि आमची ही तुमच्या भरवशावर नोकरी सोडायला निघाली होती. कायमची नोकरी, हो!"

"म्हणूनच आले."

"आज आलात! रोज आमच्याकडे गप्पांना येत होतात, तेव्हा तोंडाला काय झालं होतं?"

 उत्तर द्यायला गेले असते तर तेही सजवलेलं निघालं असतं. शर्ट पुढे केला. काकूंनी तो उलगडला, कॉलर नखानं सरळ केली, पुन्हा घडी केली आणि माझ्याच हातात ठेवला. "हा तिच्या मापाचा आहे. दुसऱ्या कुणाला होणार नाही. आणि पोरीनं काय केलं? तिचं शिवणकाम मी का परत घेऊ?" मग मशीनकडे वळून, "तुमच्याशी मात्र मी चार दिवस बोलणार नाही."

"बरं," मी म्हटलं.

धाकटी जिन्यात मागून आली. मला वाटलं, रडेल नाहीतर भांडेल. ती म्हणाली, "काकू, ताई नेमकी कुठे चुकली?"

मी सांगितलं. बटणाचं, मधे घुसवल्याचं, सगळं.

"मला तिच्याशी बोलायचंय. पास झालेले नुसते 'होशील की' म्हणतात. पत्ता द्या ना."

'होशील की' मीच म्हटलं होतं, पण तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, तेवढी चांगली आहे ती. राजीनामा आज देत नाही म्हणाली. अर्ज मात्र भरणार आहे, रजा मिळते का बघते म्हणाली. ते तिचं ती बघेल.

पत्ता मी दिला नाही. पाठ आहे मला, ओठावर आला होता. पण म्हटलं, छबीला विचारते. तू नको म्हणालीस तर नको. तिला वाईट वाटेल, वाटू दे. तुझ्या वतीनं मी आता काहीच कबूल करणार नाही.

आई

ता. १७ ऑगस्ट

छबे,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमननं दिलं तेव्हा हाताला पीठ होतं, म्हणून एका कोपऱ्यावर ठसा उमटलाय. बाबा म्हणाले, "वाच की मोठ्यानं." मी म्हटलं, तीनच ओळी आहेत, तुम्हीच वाचा. मग त्यांनी वाचलं आणि चष्मा पुसला, पुसण्यासारखं काही नसताना.

पहिली ओळ, धाकटीला पत्ता दे. दिला. ती जिन्यातूनच ओरडली, काकूंनी मशीन थांबवून "काय झालं गं?" विचारलं, म्हणजे चार दिवसांचे पंधरा झाले होते ते संपले.

दुसरी ओळ, शर्ट पोस्टानं पाठवू नकोस. नाही पाठवत. कपाटात आहे. तू न्यायला कधी येशील ते मी विचारत नाही. पुढच्या खेपेला परीक्षेला बसणार का, तेही विचारत नाही. विचारायला जीभ वळवळते, पण नाही विचारत.

तिसऱ्या ओळीनं मला हसवलं आणि रडवलंही. लहान विमान मोठ्याच्या मागे लगेच लावू नकोस, मोठ्यानं हवा ढवळलेली असते, लहान हेलपाटतं. खरंच गं, मी तेच करत होते! पोर आईच्या पदराला असलं की सुरक्षित असतं, तसं वाटून लहानग्यांना मोठ्यांच्या अगदी पाठीशी लावत होते, आणि ते का डगमगतात ते कळत नव्हतं. आता अंतर ठेवते. पाहिजे त्याहून जरा जास्तच ठेवते.

काल तिघांना 'गो अराऊंड' दिलं. खेळानं गुण कापले, कापू दे. पहिल्याला पाठवताना जीव कासावीस झाला. पण त्यानं काही मनाला लावून घेतलं नाही. नाक वर केलं, मोठा वळसा घेतला, आणि पुन्हा आलं तेव्हा धावपट्टी मोकळी होती.

सकाळी पाण्याच्या टाकीपाशी तळमजल्यावरच्या आजींनी हटकलं. सगळ्यांदेखत, मुद्दामच: "काय हो, मग तुमची छबी करते तरी काय सध्या?" पूर्वी अशा वेळी माझ्या तोंडातून विमानतळ निघायचा.

बाबांकडून कळलेलं तेच मी म्हटलं, "पार्सलच्या गोदामात आहे. कुठली गाडी कुठल्या दाराला लावायची ते ती सांगते."

बादली भरून घेतली आणि जिना चढले. वर आल्यावर लक्षात आलं, एरवी जिन्यात दोनदा टेकते, या खेपेला मी मध्ये कुठेच थांबले नव्हते.

निळा स्वेटर हवा असेल तरच कळव.

आई